एका हरलेल्या मोसमाचें चरित्र

विजयाचे पोवाडे गाण्याची आपल्या वाङ्मयाची परंपरा जुनी आहे. पराजयाची बखर लिहावयाचीच झाली तर ती पानिपतासारख्या महाप्रलयाची लिहावी, लहानसहान हारींची दखल लेखणीनें घेऊं नये, असा आपला अलिखित दंडक दिसतो. खेळांतील पराजय तर सर्वस्वीं वर्तमानपत्रांच्या रद्दींत जावयाचे. इ. स. १९११ च्या उन्हाळ्यांत हिंदी क्रिकेटपटूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडांत खेळावयास गेला. त्यानें २३ सामने खेळले. ६ जिंकले, १५ हरले व २ अनिर्णीत राहिले. त्यांपैकीं प्रथम दर्जाचे म्हणून गणले गेलेले सामने १४. त्यांत विजय २ आणि पराभव १०. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर कोणी ग्रंथ रचावा, आणि तो आम्हीं येथें वाचकांपुढें ठेवावा, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. पण या हरलेल्या मोसमानें जितकें सांगून ठेवलें आहे तितकें पुढच्या कित्येक जिंकलेल्या मोसमांनीं सांगितलें नाहीं, असें आमचें मत आहे. व तें कां, हें दाखविण्यासाठींच हा लेख.

या मोसमाचे प्रमुख चरित्रकार दोन. श्री. रामचंद्र गुहा यांचा ‘ए कॉर्नर ऑफ ए फॉरिन फील्ड’ हा ग्रंथ २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हा मोसम एका दीर्घ कथेचा एक भाग म्हणून येतो. श्री. प्रशांत किदंबी यांचा ‘क्रिकेट कंट्री’ हा ग्रंथ २०१९ चा. तो तर सबंधच या पहिल्या संघाभोंवतीं रचलेला आहे. दोन्ही ग्रंथ इंग्रजींत आहेत. तिसरें पुस्तक मराठी. श्री. विठ्ठल पालवणकर यांचें ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मवृत्त १९४८ सालीं मुंबईस निघालें. विठ्ठल स्वतः १९११ च्या संघांत नव्हते. त्यांचे दोन वडील बंधु, बाळू व शिवराम, होते. या तिसऱ्या पुस्तकाची आठवण आज इंग्रजी ग्रंथांच्या आधारानें आपल्याला होते, ही गोष्ट आम्हांस मुळींच भूषणावह वाटत नाहीं. तिच्याकडे आपण पुढें येऊं.

प्रथम त्या मोसमाची पार्श्वभूमि. पारशांचे संघ १८८६ व १८८८ मध्यें विलायतेस जाऊन आले होते. परंतु तो एका जमातीचा उद्योग होता. सर्व हिंदुस्थानचा म्हणून संघ पाठवावा अशी कल्पना त्यानंतर निघाली, पण कोणत्या जमातीचे किती गडी, या एका प्रश्नाच्या खडकावर ती फुटली. पुढें काळ पालटला. १९०९ च्या जुलैंत मदनलाल धिंग्रांनीं लंडनांत कर्झन वायलीचा वध केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नाशकास जॅक्सनचा वध झाला. हिंदी तरुण म्हणजे हातांत पिस्तूल, असें चित्र इंग्रज वाचकाच्या मनांत उभें राहूं लागलें. तें पुसून त्या जागीं पांढऱ्या पोशाखांतील सभ्य, राजनिष्ठ, बॅटधारी हिंदी माणूस उभा करावा, या हेतूनें मुंबईचे धनिक, संस्थानिक आणि गोरे अधिकारी एकत्र आले. किदंबींच्या ग्रंथाचा हा मुख्य सिद्धांत असून त्यांनीं तो भरपूर पुराव्यानिशीं मांडला आहे. ज्या संघास आपण पुढें राष्ट्राचा पहिला संघ म्हणूं लागलों, तो साम्राज्याच्या दरबारांत रुजू करण्यासाठीं जमविलेला होता! राष्ट्राची कल्पना अशा तिरक्या वाटेनें मैदानावर आली, हें वाचून कांहीं वाचकांस धक्का बसेल. आम्हांस तो बसला नाहीं. आपल्याकडील कितीतरी संस्था गव्हर्नरसाहेबांच्या हस्तें कोनशिला बसवून घेऊन जन्मल्या आणि पुढें त्यांच्याच व्याख्यानगृहांतून स्वराज्याचीं भाषणें झालीं.

निवड धर्मवार झाली. पारशी, हिंदु, मुसलमान अशा वाट्यांनीं गडी घेतले गेले, आणि वर शीख संस्थानिक कर्णधार. मुसलमानांपैकीं कांहीं तरुण अलीगढच्या महाविद्यालयाच्या मैदानावर तयार झालेले होते. बडोद्याचे राजपुत्र शिवाजीराव गायकवाड त्या वेळीं ऑक्सफर्डला शिकत होते, ते तिकडेच संघास मिळाले. हिंदूंमध्यें मुंबईचे मुकुंद पै, बंगलोरचे जयराम, मद्रासचे शेषाचारी आणि बाळू व शिवराम हे पालवणकर बंधु. म्हणजे ज्या दोघांच्या स्पर्शानें विटाळ होतो असें देशांत मानीत, ते दोघे आणि सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेले ब्राह्मण एकाच आगबोटीनें निघाले. देशांतल्या देशांत जें जमलें नव्हतें तें काळ्या पाण्यावर जमलें.

कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह. वय १९. खर्चाचा मोठा भार उचलणाऱ्याच्या हातीं सूत्रें द्यावयाचीं, हा हिशेब इतका सरळ होता कीं त्याबद्दल कोणास नवल वाटलें नाहीं. महाराज खेळाडू वाईट नव्हते. पण त्या वर्षीं जूनच्या २२ तारखेस पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहणसमारंभ होता, आणि राजेरजवाड्यांस मेजवान्यांचीं आमंत्रणें क्रिकेटच्या सामन्यांपेक्षां अधिक येत होतीं. महाराज थोडेच सामने खेळले. संघांतील उत्तम फलंदाज मिस्त्री हे त्यांच्याच पदरीं असल्यामुळें धनी जेथें तेथें चाकर, या न्यायानें तेही संघास पारखे झाले. राहिलेला गाडा डॉ. होरमसजी कांगा यांनीं ओढला. लेस्टरशायरविरुद्ध त्यांनीं काढलेल्या १६३ धांवा आणि मुंबईच्या पावसाळी सामन्यांस १९४८ पासून जोडलेलें त्यांचें नांव, या दोहोंवरून त्यांची योग्यता वाचकांनीं ताडावी.

किदंबींची मांडणी विस्तृत आहे. ते मैदानावर थांबत नाहींत. संस्थानिकांचे वाडे, मुंबईचीं दिवाणखानीं राजकारणें, त्याच काळीं लंडनच्या आखाड्यांत व रंगभूमीवर उतरलेले हिंदी मल्ल आणि कसरतपटू, या सर्वांस ते एका पटावर आणतात. १९१० मध्यें गामा पहिलवानानें लंडन गाजविल्याची आठवण ताजी असतांना हा संघ तिकडे गेला, हें ध्यानीं घेतलें म्हणजे इंग्रज प्रेक्षक हिंदी शरीराकडे कोणत्या कुतूहलानें पाहत असतील हें उमगतें. इतिहासकाराची ही दृष्टि आम्हांस मान्य आहे. तथापि एक उणीव नमूद केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. इतकें सारें दाखवितांना प्रत्यक्ष खेळ कोठें तरी धुक्यांत जातो. सामना कां हरला, चेंडू कसा वळला, क्षेत्ररक्षणांत माणसें कोठें चुकलीं, हें जाणून घेण्याची हौस असलेल्या वाचकास ग्रंथ अर्धपोटीं उठवितो. गवयाचें चरित्र लिहितांना त्याच्या यजमानाची जहागीर, त्याच्या घराण्याचें भांडण आणि बिदागीचे आंकडे सर्व द्यावे आणि तो राग कोणता गाई तें ओझरतें सांगावें, तसें कांहींसें हें झालें आहे. गंमत अशी कीं ग्रंथकार लेस्टरच्या विद्यापीठांत अध्यापन करतात, आणि संघाचा पहिला मोठा विजय लेस्टरशायरवरचाच आहे. त्या सामन्यावर तरी त्यांनीं थोडी अधिक शाई खर्चिली असती तर आम्हीं त्यांस स्थानिक अभिमानाचा दोष दिला नसता.

येथें थोडें विषयांतर करतों. आम्ही राहतों तें खोपोली गांव बोरघाटाच्या पायथ्याशीं आहे. १९११ च्या फेब्रुवारीच्या ८ तारखेस घाटमाथ्यावर लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं बसविली. संघ बोटींत चढण्यापूर्वींची ही तीन महिन्यांची गोष्ट. ज्या दोराबजी टाटांनीं वडिलांची ही कल्पना पुरी केली, तेच या संघाच्या पाठीराख्यांत होते, आणि पुढें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याची खटपटही त्यांचीच. डोंगरावर अडविलेलें पावसाचें पाणी नळांतून सुमारें १७०० फूट खालीं खोपोलीस आणून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांस वीज देण्यांत येऊं लागली. म्हणजे गिरण्या, वीज आणि क्रिकेटचा संघ हीं एकाच पिढीच्या एकाच महत्त्वाकांक्षेचीं अपत्यें होत. हें नातें किदंबींच्या ग्रंथामुळें आम्हांस प्रथम स्पष्ट दिसलें, व त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. पण त्याच वेळीं दुसराही एक विचार मनांत आला. ते अवजड नळ घाटाच्या उतारावर ज्यांनीं खांद्यावर वाहून बसविले त्यांचीं नांवें आमच्या गांवांत आज कोणी सांगूं शकत नाहीं. खेळपट्टीवर रूळ फिरविणारांचीं नांवें तरी कोण लिहून ठेवतो? अशा एका रूळ फिरविणाऱ्याचें नांव टिकलें, म्हणूनच हा मोसम टिकला. तें नांव पालवणकर बाळू.

बाळूंचें चरित्र गुहांनीं ज्या जिव्हाळ्यानें सांगितलें आहे त्यास तोड नाहीं. जन्म १८७६, धारवाडचा. घराणें कोंकणांतील चर्मकारांचें, वडील लष्करी नोकरींत. पुण्यास पारशांच्या एका क्लबांत मैदान झाडणें व खेळपट्टी लाटणें हें बाळूंचें पहिलें काम. पगार महिना ३ रुपये. तेथून गोऱ्यांच्या पूना जिमखान्यांत ४ रुपयांवर. तेथें ग्रेग नांवाचा नामांकित फलंदाज सरावासाठीं या नोकराकडून तासन् तास चेंडू टाकून घेई, व आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे देई अशी आख्यायिका आहे. चेंडू टाकावयाचा तो धन्याच्या सोयीसाठीं. बॅट हातीं धरण्याचा हक्क नाहीं. पण बोटांची विद्या कोणाला हिरावून घेतां येत नाहीं. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांशीं गांठ घालावयाची होती, तेव्हां त्यांनीं जातीचा विचार करून पाहिला, विजयाचाही करून पाहिला, आणि बाळूंना संघांत घेतलें. मात्र मैदानावर चेंडू एकाच हातावरून दुसऱ्या हातावर जाई तो माणूस चहाच्या वेळीं तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यांतून चहा पिई. पुढें मुंबई, हिंदु जिमखाना, आणि १९०६ च्या फेब्रुवारींत युरोपियनांवर मिळविलेला १०९ धांवांचा सुप्रसिद्ध विजय. बाळू नसते तर तो विजय नव्हता, हें त्या वेळींही सर्वांस मान्य होतें.

गुहांच्या लेखनाचा विशेष हा कीं ते आंकड्यांच्या कोष्टकांतून माणूस उभा करतात. त्या मातीच्या भांड्याचें चित्र एकदां वाचलें म्हणजे विसरत नाहीं. पण नेमका येथेंच आमचा आक्षेपही आहे. हें चित्र इतकें परिणामकारक ठरलें कीं त्यानंतर बाळूंविषयीं जो तो लिहितो तो मातीच्या भांड्यापासून आरंभ करतो आणि मातीच्या भांड्यापाशींच थांबतो. अपमान मोजतांना गुण मोजावयाचे राहून जातात. ज्यांस आपण अन्यायाचे बळी म्हणून गौरवितों त्यांस कलावंत म्हणून पाहण्याचे कष्ट आपण घेत नाहीं. आणि हाही उपेक्षेचाच एक सुसंस्कृत प्रकार आहे. गुहांवर याचा सगळा दोष टाकणें अन्यायाचें होईल. त्यांच्या पानांत गोलंदाज आहे. दोष त्यांच्या मागून येणाऱ्या लेखकांचा. चरित्रनायकाचें दुःख उसनें घेतां येतें, त्याची विद्या समजून घ्यावी लागते.

ती विद्या काय होती? डावखुरी, संथ, वळणारी गोलंदाजी. वेगाच्या गोलंदाजाचा पराक्रम दुरूनही दिसतो. स्टंप मोडतात, टाळ्या पडतात. संथ गोलंदाजाचा पराक्रम फलंदाजाच्या मनांत घडतो. एकाच हातवाऱ्यानें टाकलेले चार चेंडू चार तऱ्हांनीं पडले म्हणजे पांचव्याच्या वेळीं फलंदाज स्वतःशींच भांडूं लागतो. असा गोलंदाज ओलसर, वाळणाऱ्या खेळपट्टीवर राज्य करतो. आणि इंग्लंडांत अशा खेळपट्ट्या मिळावयाच्या हा सर्वांचा अंदाज. पण १९११ चा उन्हाळा तिकडे विलक्षण कडक गेला. उष्म्याचे जुने विक्रम मोडले, पाऊस दुर्मिळ झाला, खेळपट्ट्या टणक राहिल्या. अशा मोसमांत, दुखऱ्या खांद्यानें, ३५ वर्षांच्या वयांत, ज्या संघाचा कर्णधार मेजवान्यांत आहे आणि ज्याच्या क्षेत्ररक्षकांस परस्परांची भाषाही नीट येत नाहीं अशा संघातर्फे बाळूंनीं सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावांत १०३ धांवांत ८. लेस्टरशायरच्या सामन्यांत दोन्ही डाव मिळून ११. टाँटन येथें सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनीं नाबाद शतक काढलें, बाळूंनीं त्यांस बॅटनें साथ दिली, आणि संघ एक गडी राखून जिंकला. प्रथम दर्जाचे जे दोन विजय संघाच्या नांवावर आहेत त्या दोहोंवर या बंधूंची मुद्रा आहे. आंकडे रुक्ष असतात असें म्हणतात. पण हे आंकडे ज्यास रुक्ष वाटतील त्यानें क्रीडावाङ्मयाच्या वाटेस न जावें हें बरें.

आतां एका भाषिक प्रश्नाकडे वळतों; आमच्या समजुतीनें या सर्व विषयाचें मर्म त्यांत आहे. इंग्रजींत लिहिणाऱ्यास बाळूंविषयीं लिहितांना क्रियापदाची अडचण पडत नाहीं. महाराज आले काय आणि बाळू आले काय, तेथें रूप एकच. मराठी लेखकास तसें करतां येत नाहीं. ‘बाळू आला’ म्हणावयाचें कीं ‘बाळू आले’, याचा निकाल पहिल्याच ओळींत करावा लागतो. महाराजांच्या मागें अनेकवचन आपोआप येतें, डॉक्टरांच्या मागें येतें, पै यांच्या मागेंही येतें. बाळूंपाशीं येतांच लेखणी अडखळते. कोणी म्हणेल, खेळाडूस एकवचनीं संबोधणें हें लोकांच्या प्रेमाचें लक्षण आहे. आपण विठोबाशीं आणि आईशीं एकेरीवरच बोलतों. खरें आहे. पण मग तेंच प्रेम पतियाळाधिपतींच्या वाट्यास कां येऊं नये? एकाच संघांतील दोन माणसांस दोन वचनें लावणारा लेखक मातीचें भांडें हातीं धरूनच लिहीत असतो, मग त्याच्या लेखाचा विषय अस्पृश्यतेचा निषेध हा कां असेना. आम्हीं या लेखांत सर्वांस एकच वचन ठेवलें आहे. वाचकांच्या कानाला तें एखादे ठिकाणीं जड लागलें असेल तर तें कां लागलें याचा त्यांनींच शोध घ्यावा.

यासाठींच विठ्ठलांच्या आत्मवृत्ताचें मोल आम्ही विशेष मानतों. हें घरांतल्या माणसाचें, मराठींत सांगितलेलें वृत्त. भाऊ हा भावाविषयीं बोलतांना जो सहज आदर ठेवतो तो परक्या चरित्रकारास योजून आणावा लागतो. विठ्ठल स्वतः थोर फलंदाज. वडील बंधूंस हिंदु संघाचें जें कर्णधारपद जन्मभर मिळालें नाहीं तें १९२३ मध्यें विठ्ठलांस मिळालें, आणि त्या वर्षीं हिंदूंनीं युरोपियनांस हरविलें. तत्पूर्वीं १९२० सालीं बाळूंस संघांतून वगळल्यावर व कर्णधारपदाच्या निवडींत जात आडवी आल्यावर विठ्ठल व शिवराम यांनीं खेळण्यास नकार दिला होता. असा माणूस जें लिहितो तें केवळ खेळाच्या आठवणी म्हणून वाचतां येत नाहीं. गुहांनीं या पुस्तकाचा उपयोग केला आहे, व तो कृतज्ञतेनें केला आहे. आमची तक्रार आमच्याशींच आहे. आपल्या भाषेंत १९४८ सालीं छापलेलें साधन इंग्रजी ग्रंथाच्या तळटीपेंत गेलें आणि तेथून पुन्हां मराठी लेखांत उतरलें. घरची विहीर ठेवून नदीवरून पाणी आणावें तसें. आत्मचरित्र या प्रकाराचा आपल्याकडे एवढा गाजावाजा होतो. नटांचीं, नेत्यांचीं, लेखकांचीं आणि लेखकपत्नींचीं आत्मचरित्रें आपण आवडीनें चर्चितों. त्या यादींत ‘माझें क्रीडा-जीवन’ सहसा आढळत नाहीं. याचें कारण तें खेळाचें पुस्तक आहे म्हणून, कीं तें पालवणकरांचें पुस्तक आहे म्हणून, हें टीकाकारांनीं आपल्या मनाशीं ठरवावें.

आणखी एक तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. त्याच १९११ च्या जुलैच्या २९ तारखेस कलकत्त्यास मोहन बागान या क्लबानें फुटबॉलच्या सामन्यांत ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २ विरुद्ध १ असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली. एक गडी सोडून सारे अनवाणी. हा विजय बंगालनें आजतागायत जपला आहे. त्या अकरा जणांचीं नांवें तेथील लहान मुलें सांगतात. त्याच उन्हाळ्यांत इंग्लंडांत झगडणारा आपला संघ मात्र विस्मरणांत गेला. याचें एक कारण उघड आहे: ते जिंकले, हे हरले. दुसरें कारण खेळाच्या स्वरूपांत आहे. फुटबॉल हा दीड तासांत निकाल सांगणारा, गरिबास परवडणारा खेळ. आमच्याकडे मृगाचा पाऊस एकदां घाट उतरला कीं चेंडूफळी बंद पडते आणि तींच पोरें त्याच मैदानाच्या चिखलांत एक फुटबॉल घेऊन धांवूं लागतात. पाय असले म्हणजे झालें. अशा खेळांतील विजय समूहाच्या कंठीं चटकन् बसतो. क्रिकेटचा मोसम मात्र महिनोगणती लांबलेला, कोष्टकांत वांटलेला. त्याचा पोवाडा होत नाहीं, त्याचें चरित्रच लिहावें लागतें. पण तिसरेंही एक कारण आम्हांस दिसतें. अनवाणी पायांनीं बुटांस हरविलें, ही कथा सर्वांस एकत्र आणते. १९११ च्या संघाची खरी कथा सांगूं लागल्यास बूट कोणी शिवले हें सांगावें लागतें, आणि तेथें श्रोत्यांत चुळबूळ सुरू होते.

संघ परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य मानलेल्या समाजानें बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगींचें मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणानें तयार केलें होतें, असें गुहा सांगतात. पुढची कथा याहून कठीण आहे. १९३२ च्या पुणें करारावर बाळूंचीही सही आहे; आणि १९३७ च्या मुंबईच्या निवडणुकींत काँग्रेसनें डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंसच उभें केलें. मतें पडलीं तीं डॉ. आंबेडकरांस १३,२४५ आणि बाळूंस ११,२२५. मानपत्र लिहिणारा आणि घेणारा असे समोरासमोर आले. एखाद्या नाटककारानें हा प्रवेश रचला असता तर आम्हीं त्यास कृत्रिम म्हटलें असतें. गुहांनीं हा भाग संयमानें लिहिला आहे. कोणास नायक व कोणास खलनायक ठरविण्याचा मोह त्यांनीं टाळला, याचें आम्ही मनःपूर्वक कौतुक करतों. तरीही त्यांचा बाळू येथें थोडा मुका वाटतो. ६० वर्षांच्या या माणसाच्या मनांत त्या निवडणुकीच्या दिवसांत काय चाललें असेल, आपण कोणाच्या बाजूनें कोणास चेंडू टाकीत आहों असें त्यास वाटलें असेल, हा प्रश्न ग्रंथ बंद केल्यावरही राहतो. त्याचें उत्तर इंग्रजी कागदपत्रांत मिळेल असें आम्हांस वाटत नाहीं. मिळालें तर तें त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांत, ‘जनते’च्या अंकांत, परळ-भायखळ्याच्या सभांच्या हकीगतींत आणि विठ्ठलांच्या पानांच्या कडेकोपऱ्यांत मिळेल.

बाळू १९५५ च्या जुलैंत वारले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, एवढें कोष्टक त्यांच्यामागें राहिलें आहे. या कोष्टकाचें मराठी चरित्र करावयास जो कोणी बसेल त्यानें गुहांकडून माणसाकडे पाहण्याची नजर घ्यावी, किदंबींकडून कागद चाळण्याची चिकाटी घ्यावी, आणि गोलंदाजीचे चार धडे मैदानावर जाऊन एखाद्या डावखुऱ्या संथ गोलंदाजाकडून घ्यावे. विठ्ठलांच्या पुस्तकाची नवी आवृत्ति, सूचि व टिपांसह, त्याआधीं निघाल्यास त्याचें काम पुष्कळ सुकर होईल. आमच्या प्रकाशकांपैकीं कोणी ती काढण्याचें मनावर घेतल्यास तिचें परीक्षण याच पृष्ठांत आम्ही आनंदानें करूं.